बाजार पडतोय तर पुट घेऊन कमवायला काय हरकत आहे?

कोथरूडकर: बाजार पडला की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर सुतक. तेजीत कमावता तसं मंदीतही कमवा की! हातात नसलेला शेअर कॅश बाजारात (साध्या शेअर खरेदी-विक्रीत) विकला तर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. चार दिवस मंदी धरायची तर फ्युचर शॉर्ट करा (पुढच्या तारखेचा सौदा आधीच विकून ठेवा) नाहीतर पुट घ्या, म्हणजे ठरलेल्या भावाने विकायचा हक्क. पुटमध्ये जाऊन जाऊन प्रीमियम (त्या हक्काची किंमत) जाणार. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी १,३७९ अंकांनी आपटला. आदल्या दिवशी पुट घेतलेल्यांची दिवाळीच.

हिंजवडी फेज २: काका, अर्धीच गोष्ट सांगताय. मी त्या दिवशी दुपारी पुट घेतला, अजून पडेल म्हणून. ५ जूनला निफ्टी ७३५ अंक वर! शिवाय घबराटीत फुगलेला प्रीमियम एका रात्रीत बसला, ते वेगळंच. ४२ हजारांचे ६ हजार झाले. (बायको हे वाचत नाही, अशी आशा.)

सदाशिव पेठ: बाजार नियामक सेबीनेच सांगितलंय: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर आणि ऑप्शन; पुट हा ऑप्शनच) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि फ्युचर शॉर्टचं नाव सहज घेतलंत. बाजार वर गेला की रोज संध्याकाळी खात्यातून पैसे वजा होतात, त्याला तळ नाही.

कोथरूडकर: ते ९३ टक्के तेजीवालेही होते हो. मंदीला कशाला बोल?

सदाशिव पेठ: मंदीला नाही, घड्याळाला. शेअर पडला तर वाट बघता येते. पुटमध्ये दिशा बरोबर, पण एक्सपायरी (कराराची शेवटची तारीख) आधी आली तर शून्य.

कर्वे रोड: मी पुट घेतो, पण विमा म्हणून. गाडीचा विमा काढून अपघाताची वाट बघतो का आपण? शेअर १८ लाखांचे आहेत, त्यावर निफ्टीच्या पुटचा एक लॉट (सौद्याचा सर्वात लहान गठ्ठा). नोव्हेंबर २०२४ पासून नव्या करारांची किमान किंमत १५ लाख झाली, म्हणून एवढंच जमतं. ज्याच्याकडे ३ लाखांचे शेअर आहेत त्याने तोच लॉट घेतला तर तो विमा नव्हे, सट्टाच.

कोथरूडकर: आणि ज्याच्याकडे एकही शेअर नाही त्याने?

हिंजवडी फेज २: काका, तुमच्याकडे आहेत ना?

कोथरूडकर: गेल्या महिन्यात विकले.