स्वीडिशला क्रियाव्याप्ती नाही म्हणे!

गोठेनबर्गकर: काल ‘मिताक्षरी’ यांनी इथे ठासून लिहिलं, ‘या लेसर’ म्हणजे वाचतो आणि वाचतोय दोन्ही, म्हणजे स्वीडिशला क्रियाव्याप्ती (क्रिया चालू आहे की पुरी झाली हे दाखवणं) नाही, वाक्यरचनेशी संबंध तर नाहीच. रूप नाही म्हणून भाषेतच नाही? ‘लेसा ई बूकेन’ म्हणजे पुस्तक वाचत असणं, ‘लेसा उत बूकेन’ म्हणजे वाचून संपवणं. तो ‘उत’ कर्माच्या आधी बसतो, आघात घेतो. डॅनिशमध्ये असे शब्द कर्मामागून येतात. ही वाक्यरचना नाही तर काय?

मिताक्षरी: हा शब्दकोशाचा विषय झाला. रशियनमध्ये क्रियापदांच्या जोड्या असतात, एक चालू क्रियेचं, एक पुऱ्या झालेल्या, त्याला व्याकरण म्हणतात.

गोठेनबर्गकर: मग ‘सिटर ओ लेसर’? दिसायला ‘बसतो आणि वाचतो’, अर्थ ‘वाचत बसलाय’. पण ‘व्हाद सिटर दू ओ लेसर?’, म्हणजे ‘काय वाचत बसलायस?’, विचारता येतं. ‘व्हाद’ (काय) हे कर्म ‘लेसर’चं, पोचलं वाक्याच्या तोंडाशी! साध्या ‘आणि’च्या जोडणीत करून दाखवा.

एसएफआय_त्रस्त: त्या ‘ओ’चं नावच काढू नका. ‘आणि’ही ‘ओ’, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा ‘अत’ही बोलताना ‘ओ’. एसएफआयच्या, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिशच्या, वर्गात लिहिताना माझी गल्लत झाली, बाईंनी वर्गासमोर वाचून दाखवलं. स्वीडिश लोकही हेच चुकतात!

कोल्हापूरची लेक: आपल्याकडेही ‘बसणे’ आहेच की. ‘रडत बसला’.

मिताक्षरी: त्यात वैताग असतो. स्वीडिश ‘सिटर’मध्ये नाही.

कोल्हापूरची लेक: कोण म्हणतं? ‘सित इन्ते ओ युग’, खोटं बोलत बसू नकोस! आणि ‘हान यिक ओ यिफ्ते सेय’ म्हणजे थेट ‘लग्न करून बसला’. माझ्या नवऱ्याच्या मित्राबद्दल त्याच्या आईने अगदी याच सुरात सांगितलं होतं.

मिताक्षरी: तिथे ‘यिक’ आहे, ‘गेला’. बसला नाही. उगाच मराठी घुसडू नका.

कोल्हापूरची लेक: घुसडते म्हणे! चौदा वर्षं इथे राहतेय. शेजारच्या आजी जिन्यातून ओरडल्या, ‘या होल पो अत रम्ला!’ पडतायत समजून मी धावले. त्या म्हणत होत्या, पडता पडता वाचले. ‘होल पो अत लेसा’ म्हणजे वाचत होते, ‘रम्ला’ लावलं की ‘पडणारच होते’. रचना तीच, क्रिया क्षणात संपणारी म्हणून अर्थ फिरला.

मिताक्षरी: ‘होल पो’चं मानते. एवढंच. ‘उत’ अजूनही मला शब्दकोशातच दिसतो.

गोठेनबर्गकर: मग तो कर्माआधीच का येतो, ते सांगा.