घरात एकाचाच विमा आहे तं घर विमावालं की बिनविम्याचं?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. लहान बहिणीला कॉलेजात प्रोजेक्ट आहे, देशात किती लोकांकडे आरोग्य विमा नाही यावर, अन् काल रात्री बारापर्यंत दोघं आकडे पाहत बसलो तं डोकं भणाणलं. 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणते 41 टक्के घरांत विमा किंवा सरकारी योजना आहे. एनएसएसची (सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) 75वी फेरी, 2017-18 वाली, म्हणते गावात 14 अन् शहरात 19 टक्केच लोकांना कव्हर. दोन-तीन वर्षांत एवढा फरक कसा काय पडला? आमच्या घरी माझा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात मी एकटाच, आई-बाबा-बहीण कोणीच नाही. मग आमचं घर कशात मोजतात?

महाल_गल्ली
भाऊ, उत्तर तुमच्या घरातच आहे. कुटुंब सर्वेक्षणात ते 41 म्हणजे ज्या घरात निदान एका तरी माणसाला कव्हर आहे अशी घरं. तुम्ही हो म्हटलं की अख्खं घर हो मध्ये गेलं. एनएसएस एकेक माणूस मोजते, तिथं तुमचे चारातले तिघं उघडे. त्याच कुटुंब सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्यांना वेगळं विचारलं तं बाया 30 टक्के अन् पुरुष 33, बहिणीला हे दोन आकडे नक्की घ्यायला सांगा. अन् एनएसएसची फेरी जून 2018 लाच संपली, आयुष्मान भारत आली सप्टेंबरात, म्हणून ती त्यात नाहीच. राज्याच्या योजनेनंही फरक पडते, राजस्थानात 2015-16 च्या कुटुंब सर्वेक्षणात 19 टक्क्यांच्या आसपास घरं होती ती 2019-21 मध्ये थेट 88 वर गेली. नीती आयोगानं 2021 मध्ये मिसिंग मिडलवर, म्हणजे मधल्यामधे सुटलेल्या लोकांवर, रिपोर्ट काढला तोही वाचा, 40 कोटी लोकांना कसलंच संरक्षण नाही म्हणते, ना गरिबांच्या योजनेत ना स्वतःची पॉलिसी.

सक्करदरा_ताई
यात एक गोष्ट राहून जाते, लोकांना माहीतच नसते. मागच्या वर्षी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी होती, काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं, सरकारी योजनेचं कोणी बोललं नाही, अन् आमचं पांढरं कार्ड म्हणून आम्हीही विचारलं नाही, मी बांगड्या मोडायला निघाले होते. शेजारच्या पलंगावरच्या काकू म्हणाल्या, अगं आरोग्यमित्राकडे जा आधी, म्हणजे दवाखान्यात योजनेसाठी बसलेल्या माणसाकडे. राज्याची महात्मा फुले योजना 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डालाही आहे, घराला वर्षाचे 5 लाख, फक्त दवाखाना योजनेतला पाहिजे. काकूंनी सांगायच्या आदल्या दिवशी कोणी सर्वेवाला दारात आला असता तं मी छातीठोक सांगितलं असतं की आमच्याकडे काहीच नाही.

मानेवाडा_रोड
ताई, तुमचं वाचून लगेच रेशनकार्ड काढलं, बहिणीचं नाव अजून चढलेलंच नाही. सोमवारी पुरवठा ऑफिसात जातो. अन् तिनं प्रोजेक्टचा पहिला प्रश्न बदलला, घरात कोणाला विमा आहे का असं नाही विचारणार, वस्तीतल्या 25 घरांत एकेकाचं नाव घेऊन विचारणार अन् कोणतं कार्ड आहे तेही लिहून घेणार.