हेडफोन जॅक नसलेल्या डीएसएलआरवर चालू चित्रीकरणाचा आवाज कसा ऐकावा?

झरोका (धागाकर्ता):
माझ्याकडे कॅनन ७००डी आहे. त्याला बाहेरचा माइक जोडता येतो, पण हेडफोन जोडण्याची सोय नाही. नुकतीच मी एका वयस्कर नातेवाइकांची मुलाखत चित्रित केली. सुरू करण्यापूर्वी मेन्यूतील, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरच्या पट्ट्या त्यांच्या बोलण्याबरोबर हलताना पाहून मी निर्धास्त झालो. फाइल संगणकावर ऐकली तेव्हा कळले की प्रत्येक वाक्यामागे घरघर आहे आणि ते बोलायचे थांबले की ती आणखी वर येते. माइक कॉलरला लावायचा, साधा वायरचा आहे. चित्रीकरण चालू असताना आवाज ऐकण्यासाठी काय घ्यावे? कॅमेरा बदलायचा नाही. एखाद्याच लहानशा वस्तूपुरते पैसे आहेत.

तिपाई:
माझ्या मते कॅमेराच बदलावा. कॅननच्या २००८ च्या ५डी मार्क टूलाही हेडफोन जॅक नव्हता. तो २०१२ मध्ये मार्क थ्रीला आणि निकॉनच्या डी८०० ला मिळाला. मी ८०डी वापरतो. त्यात तो आहे, आणि तेव्हापासून माझी एकही मुलाखत वाया गेलेली नाही.

मंद्रसप्तक:
कॅमेरा बदलायचा नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. टॅस्कॅमच्या डीआर-६०डीसारखा, कॅमेऱ्याखाली बसणारा रेकॉर्डर घ्यावा. माइक त्याला जोडायचा, त्यातून एक वायर कॅमेऱ्याला द्यायची आणि हेडफोन रेकॉर्डरलाच लावायचे.

अवग्रह:
यात एक गोम आहे. रेकॉर्डरच्या हेडफोनमध्ये रेकॉर्डरचा आवाज ऐकू येतो, कॅमेऱ्यात काय उतरते आहे ते नव्हे. एका समारंभात मी दीड तास कानाला अत्यंत स्वच्छ आवाज ऐकत उभा होतो आणि कॅमेऱ्याकडे जाणारी वायर अर्धवट निसटलेली होती. कॅमेऱ्याच्या सर्व फाइली मुक्या निघाल्या.

मंद्रसप्तक:
म्हणूनच रेकॉर्डरची फाइल मुख्य मानावी. कॅमेऱ्याचा आवाज केवळ ती फाइल नंतर चित्राशी जुळवण्यासाठी असतो. सुरुवातीला चित्रात दिसेल अशी एक टाळी वाजवली की काम भागते. आपण रेकॉर्डरची फाइल जपून ठेवली असती, तर समारंभ वाया गेला नसता.

अवग्रह:
ठेवली होती. जुळवायला दोन रात्री गेल्या, कारण टाळी वाजवली नव्हती.

तिसरीघंटा:
आता हे सर्व जुने झाले. झूमचा एफ३ हा रेकॉर्डर ३२-बिट फ्लोट या प्रकारात, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावून घेत, रेकॉर्ड करतो, त्यामुळे पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. मी हेडफोन लावणेच सोडून दिले आहे.

अवग्रह:
फ्लोटमुळे पातळी सावरेल. शर्टाच्या कापडावर घासणारा माइक कसा सावरेल? मीटरची पट्टी शब्दाला हलते तशीच घरघरीलाही हलते. तिथे कानच लागतात.

तिपाई:
कानांचा विषय निघालाच आहे, तर हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचेच असावेत. ब्लूटूथचा आवाज मागे पडतो. मी सोनीचे एमडीआर-७५०६ कित्येक वर्षे वापरतो आहे. कानावरची गादी दोनदा बदलली, बाकी काही नाही.

शेवटचाबाक:
माइकच्या प्लगवर काळ्या रेघा किती आहेत, हे धागाकर्त्यांनी कृपया सांगावे.

झरोका:
तीन.

शेवटचाबाक:
मग तो फोनसाठी बनवलेला, चार जोडांचा टीआरआरएस प्लग आहे. कॅमेऱ्याला तीन जोडांचा, म्हणजे दोन रेघांचा टीआरएस प्लग लागतो. जोड नीट जुळत नाहीत, त्यामुळे आवाज क्षीण येतो किंवा घरघर येते. त्यातच कॅमेऱ्याची ध्वनिपातळी 'ऑटो'वर असणार; बोलणारा थांबला की कॅमेरा आपणहून पातळी चढवतो आणि मागची घरघर फुगते. चार जोडांवरून तीन जोडांवर नेणारा छोटा अडॅप्टर घ्यावा, मेन्यूत पातळी 'मॅन्युअल' करावी आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. ऐकण्याचे यंत्र नंतर घेता येईल.

मंद्रसप्तक:
अडॅप्टर घ्यावाच, पण त्याने ऐकण्याची सोय होत नाही. रेकॉर्डर लागेलच.

निळाफिल्टर:
वरचे सर्व वाचलेले नाही. हेडफोन जॅक असलेला कॅमेरा घ्यावा, ८०डी उत्तम आहे.

झरोका:
सर्वांचे आभार. रेघांचा उलगडा झाल्यावर मी आज तोच माइक सरळ फोनला लावून पाहिला. आवाज इतका स्वच्छ आला की नातेवाइकांच्या चश्म्याची दांडी उघडल्याचा टक आवाजसुद्धा ऐकू आला. त्यामुळे सध्या काहीच घेत नाही. फोन त्यांच्या खिशात राहील, कॅमेरा स्वतःच्या माइकवर चालेल आणि सुरुवातीला टाळी वाजवीन.

अवग्रह:
पण फोनचा एकमेव जॅक माइकने अडवला, तर चालू मुलाखतीत आपण ऐकणार कशातून? मूळ प्रश्न तोच होता.

झरोका:
ऐकणार नाही. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून, माइक काढून, तिथेच ऐकून घेईन आणि मध्ये चहापाण्याला थांबू तेव्हा पुन्हा एकदा.

तिपाई:
निदान फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. भर मुलाखतीत खिशातला फोन वाजला, तर टाळीचा काय उपयोग?