फ्रेंचमधलं ‘आले असते, गेले असते’: ‘सि’पाशी माझं काय चुकतंय?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. एकसष्टीत फ्रेंच शिकतेय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. फोनवर त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावरच्या टोप्या टाकायला मला जमत नाहीत, म्हणून सगळं देवनागरीत लिहितेय.

क्लासमध्ये सध्या कॉंदिसिओनेल पासे चालू आहे, म्हणजे आपलं ‘आले असते, गेले असते’. गृहपाठ होता, एखादी गोष्ट घडली नसती तर काय झालं असतं, यावर दहा वाक्यं. मला विषय शोधावा लागला नाही. आमच्या घरात एकच ‘जर’ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, शनिवार पेठेतल्या वाड्यात माळ्यापर्यंत पाणी चढलं, आणि आमची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. हातात एक पितळी डबा. डब्यात मेतकूट होतं, हे आई अजून सांगते. पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घर मिळालं. माझा जन्म तिथलाच.

तर पहिलं वाक्य लिहिलं: ‘सि ल बाराज नोरॅ पा सेदे, नू सरियों रेस्ते आ शनिवार पेठ.’ सि म्हणजे जर, बाराज म्हणजे धरण, नोरॅ म्हणजे नकाराचा न चिकटलेलं ओरॅ. धरण फुटलं नसतं तर आम्ही शनिवार पेठेतच राहिलो असतो. वही परत आली तर दहापैकी सात वाक्यांत ‘ओरॅ’खाली लाल रेघ. दुसऱ्या अर्ध्या भागाला हातही लावलेला नाही. बाईंनी समासात नुसता ‘सि’ लिहून त्याला गोल केलाय, आणि विचारायला जाईपर्यंत पुढची बॅच आत.

मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ येतं ना? फुटलं नसतं, राहिलो असतो. मग फ्रेंचमध्ये एकीकडे चालतं आणि दुसरीकडे का नाही? शिवाय ‘राहिलो’ला सरियों आणि ‘फुटलं’ला ओरॅ, हे मी पाठ करून लिहिलंय, कळून नाही.

ताकभात

काकू, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, एवढं एक वाक्य फ्रेंचमध्ये करून द्या. बाईंना पण घाम फुटेल.

(मेतकुटाच्या डब्याचं मात्र लिहाच.)

दुसरी_भाषा_फ्रेंच

ताई, तुमची चूक अस्सल मराठी चूक आहे. अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवते, दरवर्षी दिवाळीनंतर हीच लाल रेघ मारत बसते.

मराठीतला संकेतार्थ दोन्ही पायांत एकच चप्पल घालतो. फुटलं *नसतं* तर राहिलो *असतो*. फ्रेंचमध्ये ‘जर’च्या पायात चप्पल वेगळी. ‘सि’च्या वाक्यात नुसता दूरचा भूतकाळ येतो, प्ल्यू-क-पार्फे, म्हणजे आपलं ‘फुटलं होतं’. आणि ‘तर’च्या वाक्यात तुमचा कॉंदिसिओनेल. शब्दशः मराठी केलं तर ‘धरण फुटलं नव्हतं तर आम्ही राहिलो असतो’. कानाला खटकतं ना? खटकू द्या, फ्रेंच तसंच आहे. म्हणून: ‘सि ल बाराज *नाव्हॅ* पा सेदे, नू सरियों रेस्ते...’ तुमच्या वाक्यात नोरॅचं नाव्हॅ केलं की झालं. बाकी वाक्य बिनचूक आहे, बाईंनी दुसऱ्या भागाला हात लावला नाही तो म्हणूनच.

फ्रान्समधली पोरंसुद्धा ‘सि जोरॅ स्यू’ (मला माहीत असतं तर) म्हणतात आणि ओरडा खातात. त्यांना शाळेत घोकवतात, ‘ले सि नॅम पा ले रॅ’, सि-मंडळींना रॅ-मंडळी, म्हणजे ओरॅ-सरॅसारखी रूपं, आवडत नाहीत. उच्चाराने त्याचाच अर्थ ‘करवतींना रॅ मासे आवडत नाहीत’ असाही होतो, म्हणून पोरांच्या लक्षात राहतं. मात्र हा नियम ‘जर’वाल्या सिचा. ‘का’वाला सि वेगळा. ‘त्याने होकार दिला असता का, कोण जाणे’ यात सिच्या मागे ओरॅ चालतो, कारण तिथे अट नाही, शंका आहे. मराठी करून बघा. ‘जर’ बसला तर रॅ बंद, ‘का’ बसला तर रॅ चालू.

आता सरियों आणि ओरॅ. कृती एकच आहे. साहाय्यक क्रियापद, आव्हवार किंवा एत्र, कॉंदिसिओनेलमध्ये घालायचं (आव्हवारचं होतं ओरॅ, एत्रचं सरॅ, सरियों) आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप ठेवायचं. येणं, जाणं, राहणं, निघणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी मंडळी एत्रकडची. तसंच स्वतःकडे वळणारी, ‘ज म सरॅ लव्हे’, मी उठले असते. बाकी झाडून सगळी आव्हवारकडे. इथे मराठीवर विसंबू नका. आपण ‘आले असते’ आणि ‘झोपले असते’ एकाच तालात म्हणतो, पण झोपणं फ्रेंचमध्ये आव्हवारकडे: ‘जोरॅ दॉर्मी’. आणि काही दोन्ही डगरींवर पाय ठेवून. ‘ज सरॅ सॉर्ती’, मी बाहेर पडले असते. ‘जोरॅ सॉर्ती ला पूबेल’, मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवली असती. कर्म आलं की साहाय्यक बदललं.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला फुकट मिळते, ती सोडू नका. एत्र असेल तर रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आलो असतो, आली असती, तसंच. आणि आव्हवार असेल तर कर्माकडे बघतं. ‘मी चिठ्ठी लिहिली असती’ म्हणताना मी बाई की बुवा याचा पत्ता नाही, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ‘लिहिली’. हा आपला कर्मणी प्रयोग. फ्रेंचमध्येही हेच, फक्त कर्म आधी आलेलं हवं. ‘जोरॅ एक्री ला लॅत्र’मध्ये काही होत नाही. ‘ला लॅत्र क जोरॅ एक्रीत’, मी लिहिली असती ती चिठ्ठी, इथे चिठ्ठी आधी आली आणि शेवटचा त ऐकू आला. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांचा यात जीव जातो. आमच्या वर्गात मी सांगते, पोरांनो, हे तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात.

रात्रपाळी

वरच्या बाईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त एका खड्ड्यावर लाल फडकं लावून जातो.

नवीन असताना एका ठिकाणी परदेशी बातम्यांचं भाषांतर करायचो. एकदा मजकुरात आलं, ‘ल मिनिस्त्र ओरॅ देमिसिओने’. मी छातीठोकपणे लिहिलं, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’. वरिष्ठांनी विचारलं, असता तर काय? का नाही दिला? मी मूळ मजकुरात ‘सि’ शोधतोय. सि नाहीच! मग कळलं की तिकडचे पत्रकार खात्री नसलेली बातमी याच काळात देतात. मराठी वर्तमानपत्रात त्याला आयतं वाक्य आहे, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’. घरगुती मराठीत तर एकच शब्द, म्हणे. ‘मंत्र्यांनी म्हणे राजीनामा दिला.’

तेव्हापासून ओरॅ किंवा सरॅ दिसला आणि आसपास ‘जर’ नसला की मी आधी ‘म्हणे’ घालून बघतो. काकू, देल्फला, म्हणजे फ्रेंचच्या परीक्षेला, बसणार असाल तर वाचनाच्या उताऱ्यात हे हमखास चकवतं.

वेताळटेकडी

अहो, किती लिहिलंत! आज सकाळी टेकडीवर चालताना दहाही वाक्यं नाव्हॅ घालून तोंडाने म्हटली. एक गृहस्थ वळून बघत होते.

देल्फच्या बी-१ पातळीला बसायचा विचार आहे. शंभरात पन्नास आणि चारही भागांत पंचवीसपैकी निदान पाच हवेत, असं क्लासमध्ये सांगितलंय. मला धास्ती ऐकण्याच्या भागाची. ओरॅ एकवचनी की अनेकवचनी हे कानाला कळतच नाही.

आणखी एक. आईचं नेहमीचं वाक्य आहे, ‘कुणीतरी आदल्या रात्री सांगायला हवं होतं’. यात ‘असतं’ नाहीच, ‘होतं’ आहे. मग इथे कुठला काळ? मी ‘दव्हॅ’ लिहिलंय.

दुसरी_भाषा_फ्रेंच

कानाला कळणार नाहीच. मी, तू, तो, ते, चौघांचंही ओरॅ. लिहिताना शेपटी वेगळी, बोलताना एक. भविष्यकाळाचं ‘जोरे’ आणि हे ‘जोरॅ’ यांतसुद्धा पुष्कळ फ्रेंच माणसं आता फरक करत नाहीत. कर्ता आणि आजूबाजूचं वाक्य धरून ठेवा.

‘हवं होतं’ला दव्हॅ नको. ‘केल्कँ दव्हॅ नू प्रेव्हनीर’ म्हणजे कुणीतरी आम्हाला कळवणार होतं, तसं ठरलं होतं. आईंना ते म्हणायचं नाही, त्यांची तक्रार आहे. तक्रारीला ‘केल्कँ *ओरॅ द्यू* नू प्रेव्हनीर’. ‘ओरॅ द्यू’ एका घासात पाठ करा, फोडायला जाऊ नका. तसंच ‘तू ओरॅ प्यू तेलेफोने’, फोन तरी करायचास! नवऱ्यावर सराव करा.

ताकभात

माझ्या आत्याबाईचं कुणी मनावर घेतलं नाही, नोंद घ्यावी.

दुसरी_भाषा_फ्रेंच

फ्रेंचांकडे मिशा नाहीत, बाटली आहे. ‘आव्हॅक दे सि, ऑं मेत्रॅ पारी ऑं बुतॅय.’ जर-तर करत बसलं तर अख्खं पॅरिस बाटलीत भरता येईल. खूश?

वेताळटेकडी

वही पुन्हा दिली. अकरावं वाक्य मीच जोडलं, बघा बरोबर आहे का: ‘सि ल बाराज नाव्हॅ पा सेदे, ज न सरॅ पा ने आ गोखलेनगर.’ धरण फुटलं नसतं तर मी गोखलेनगरात जन्मले नसते. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कुठे का होईना, जन्मली असतीसच. तिच्या वाक्याला सि नाही, पण मला वाटतं सरॅच लागेल.

दुसरी_भाषा_फ्रेंच

सरॅच. आणि तुमच्या ‘ने’ला लिहिताना शेवटी आणखी एक ई लावा, ऐकू येत नाही म्हणून विसराल.