परागतक्त्यात स्प्रूस २ टक्के म्हणजे जंगलात किती? आणि जांबोटीकडं हे जमेल का?

टिळकवाडी_बॉटनी
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या मुलांना स्वीडनमधल्या एका तळ्याचा परागतक्ता (गाळाच्या कोणत्या थरात कोणत्या झाडाचे पराग किती टक्के, याचा आलेख) शिकवायचाय. तळापासून वर येताना आधी बर्च, मग पाइन, आणि स्प्रूस अगदी वरच्या थरांत. हा स्प्रूस बराच काळ १-२ टक्क्यांवर रेंगाळतो आणि मग एकदम उसळी घेतो. मुलं विचारतात, २ टक्के म्हणजे शंभरात दोन झाडं काय? तसं नाही एवढं सांगता येतं, पण मग कसं, ते नीट मांडता येईना.
दुसरं, गाळातून पराग वेगळे काढून दाखवायचेत. फ्यूम हूड आणि सेंट्रिफ्यूज आहे, पण हायड्रोफ्लोरिक ॲसिडला परवानगी नाही.
तिसरं, बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातल्या एखाद्या तळ्यात गाभा (तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दांडा) घेतला तर काही हाती लागेल, की नुसता चिखल?

गाळवाला
पहिल्या प्रश्नाचं बघू. शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही, कारण प्रत्येक झाडाचं शीत वेगळ्या मापाचं. पाइन पराग उधळतो, त्याच्या कणाला हवेचे दोन फुगे असतात, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो. लार्चच्या कणाला फुगे नाहीत, तो झाडाखालीच पडतो. ॲस्पेनच्या कणाची भिंत इतकी पातळ की गाळात टिकतच नाही. म्हणजे लार्च तक्त्यात नखभर दिसला तरी काठावर रान असू शकतं, आणि पाइन २० टक्के दिसला तरी आसपास एकही झाड नसेल. झाडं नसलेल्या टुंड्रात हे हमखास होतं. तिथं स्थानिक पराग मुळातच कमी, म्हणून लांबून आलेल्या पाइनचा वाटा फुगतो.

स्प्रूस या दोघांच्या मधला. कण मोठा, बऱ्याचदा १०० मायक्रॉनच्या पुढं, त्यामुळं पाइनइतका लांब जात नाही. तरीही १ टक्क्याच्या आसपासचा आकडा वाऱ्याची देणगी असू शकतो. शंका फेडायची तर त्याच स्लाइडवर सूचिपर्णाची पर्णरंध्रं शोधा. पानांची रंध्रं पराग काढायच्या रसायनांतून टिकून राहतात, आणि सुईसारखं पान काही शेकडो किलोमीटर उडत नाही. रंध्र सापडलं की झाड काठावर होतं असं धरायला हरकत नाही. न सापडलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

तुमच्या तक्त्यातली ती रेंगाळणारी शेपटी म्हणजे जुनं भांडणच आहे. स्प्रूस पूर्वेकडून आला. फिनलंडमध्ये सुमारे ६५०० वर्षांपूर्वीपासून पसरला आणि मध्य स्वीडनमध्ये सुमारे ३००० वर्षांपूर्वी जोरात आला, असं पराग सांगतात. पण डोंगरांत सापडलेली जुनी लाकडं आणि गाळातला डीएनए यांवरून तो तुरळक स्वरूपात फार आधीपासून होता असं काहीजण म्हणतात. गाळातल्या डीएनएवर बाहेरून आल्याचा आक्षेप घेतला जातो. वाद मिटलेला नाही.

आणखी एक खोच. टक्केवारीची बेरीज १०० च, त्यामुळं बर्च घटला की पाइन न वाढताही "वाढतो". म्हणून दर चौरस सेंटिमीटरवर दरसाल किती कण पडले ते काढायचं. त्यासाठी गाळात मोजके परके कण मिसळायचे: लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या गोळ्या मिळतात, एका गोळीत सरासरी किती बीजाणू ते बॅचनुसार छापलेलं असतं. हिशेब असा: १ घनसेंमी गाळात २०,००० बीजाणू टाकले, मोजताना ४०० पराग आणि १०० बीजाणू दिसले, तर ४०० भागिले १०० गुणिले २०,००० म्हणजे घनसेंमीला ८०,००० कण. गाळ वर्षाला ०.०५ सेंमी साचत असेल तर दरसाल चौरस सेंटिमीटरवर ४,०००. साचण्याचा वेग रेडिओकार्बनवरून येतो, म्हणून तारखा चुकल्या की हा आकडाही चुकला. तारखेला अख्खा गाळ देऊ नका. बर्चचं बी, सुई, असं जमिनीवरच्या झाडाचं काही द्या. पाणवनस्पती चुनखडीच्या पाण्यातला जुना कार्बन घेतात आणि वय उगीच वाढतं.

तळ्याचा आकारही बघायचा. झाडीखालचा २०-३० मीटरचा खळगा शंभरेक मीटरच्या आतलं रान सांगतो. काही शे मीटर रुंदीचं तळं आख्ख्या टापूचं सरासरी चित्र देतं. ओढा येऊन मिळणारं तळं टाळतात, कारण ओढा काठावरचा जुना गाळ धुऊन आणतो. आणि उत्तरेकडची एक सोय आपल्या नशिबी नाही: हिवाळ्यात तळं गोठतं, बर्फावर उभं राहायचं, भोक पाडायचं, कोअरर (गाभा काढायची नळी) सोडायचा. फरशीवर उभं राहिल्यासारखं. आपल्याकडं तराफा, आणि तो हलला की गाभा वाकडा.

चाळणी_१५०
हायड्रोफ्लोरिकशिवाय होतं की. वाळू विरघळवायच्या ऐवजी बुडवायची. सोडियम पॉलिटंग्स्टेट (पाण्यात विरघळून जड द्रव देणारा क्षार) पाण्यात घोळून घनता २.० करा. तपासायचं कसं? १ मिली पिपेटनं घेऊन तोला, २ ग्रॅम भरायला हवं. क्वार्ट्झ २.६५ चा, तो खाली बसतो. पराग वर तरंगतो.

क्रम असा ठेवा. १ घनसेंमी गाळ, त्यात लायकोपोडियमच्या गोळ्या, वर १० टक्के हायड्रोक्लोरिक. फसफस थांबेपर्यंत थांबा, गोळ्याही याच पायरीत विरघळतात. धुवा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्यात १० मिनिटं, त्यापलीकडं नको, कण फुगतात. १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. चाळणीवर उरलेलं फेकू नका, बी आणि कोळसा त्यातच असतो. खालचं पाणी चहासारखं असेपर्यंत धूत राहा. मग टंग्स्टेट, २००० आरपीएमला २० मिनिटं. वरचा थर काढा आणि त्यात निदान पाचपट डिस्टिल्ड वॉटर घालून परत फिरवा, आता पराग खाली बसतो. पाणी कमी घातलं तर पराग तरंगतच राहतो आणि ओतताना सगळा सिंकमध्ये. नवख्यांचे नमुने सगळ्यात जास्त इथंच जातात.

टंग्स्टेटच्या दोन खोडी. कॅल्शियम लागलं तर पांढरा साका बसतो, म्हणून आधी हायड्रोक्लोरिक नीट झालं पाहिजे आणि नळाचं पाणी अजिबात नको. लोखंडी चमचा लागला तर द्रव निळा पडतो. महाग आहे, गाळून परत वापरा.

टिळकवाडी_बॉटनी
हे उत्तम झालं. पुढची ॲसिटोलिसिसची (ॲसिडच्या मिश्रणानं उरलेला सेंद्रिय कचरा काढून कण स्वच्छ करायची) पायरी मुलांच्या हाती द्यावी का? पाणी राहिलं तर नक्की काय होतं?

चाळणी_१५०
उसळतं. ट्यूबच्या तोंडातून गरम ॲसिड बाहेर येतं. मिश्रण ९ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड, १ भाग तीव्र सल्फ्युरिक. ॲनहायड्राइड आधी मोजून घ्यायचं, सल्फ्युरिक थेंबाथेंबानं त्यात. उलटं कधीच नाही. त्याआधी नमुना ग्लेशियल ॲसेटिकनं धुवायचा, त्यानं पाणी निघतं. मिश्रण घालून ३ ते ५ मिनिटं गरम, परत ग्लेशियल ॲसेटिक, आणि मगच पाणी. पाण्याच्या भांड्यावर ट्यूब ठेवताना वाफेचा थेंबही आत पडू नये. टाकाऊ मिश्रण कोरड्या काचेच्या बरणीत. माझं मत विचाराल तर ही पायरी तुम्हीच करा, मुलांना हूडच्या काचेबाहेर उभं करा.

स्लाइडला सिलिकॉन ऑइल वापरा. ग्लिसरीन जेलीत कण काही महिन्यांत फुगतात आणि मग साधं गवत ४० मायक्रॉन ओलांडून धान्य असल्याचा आव आणतं. तेलात आणखी एक सोय: कव्हरस्लिप हलकेच सरकवली की कण कुशीवर वळतो. पाइन आणि स्प्रूस ओळखायला हेच लागतं. पाइनचे फुगे धडाला चिकटवल्यासारखे, मध्ये खाच स्पष्ट. स्प्रूसचे फुगे धडातूनच सुजून आल्यासारखे, खाच जवळपास नाही. फुगा तुटून एकटा दिसला तर तो अर्धा कण मोजा. प्रत्येक थरातले निदान ३०० जमिनीवरचे पराग मोजल्याशिवाय टक्केवारी काढू नका.

जांबोटीकर
आता आपल्या मातीकडं या. गावतळी बहुतेक बांध घालून केलेली, गाळ उपसून उपसून वरखाली झालेली. उन्हाळ्यात तळ भेगाळतो, हवा आत शिरते आणि पराग कुजतात. जांभ्याच्या लाल मातीत तर काही उरतच नाही. बारमाही ओला खळगा हवा, काळा, दुर्गंधी येणारा गाळ असलेला. असा खळगा राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्यात सापडला तर आधी वनखात्याची लेखी परवानगी.

दुसरी अडचण मोठी. उत्तरेकडं दहा-बारा जातींत सगळं जंगल आवरतं आणि बहुतेक वाऱ्यावर परागण करणारी. आपली झाडं बरीचशी कीटकांवर अवलंबून, पराग थोडका. त्यात अंजनी आणि ऐन यांचे पराग इतके सारखे की दोन्ही कुळं तक्त्यात एकाच रकान्यात टाकतात. अंजनी सदाहरित रानातली, ऐन पानगळीतला. म्हणजे जो फरक बघायचा तोच नेमका पुसला जातो! जांभूळ आणि निलगिरीही एकाच कुळातली, दोन्हींचे कण तिकोनी. निलगिरीची लागवड अलीकडची, त्यामुळं वरच्या थरांत "जांभूळ वाढलं" असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. उपयोगाची खूण म्हणजे मका. ८० मायक्रॉनच्या वरचा गवतकुळीतला कण दिसला की तो थर पोर्तुगीज आल्यानंतरचा, कारण मका त्यांच्याबरोबर आला.

घाटातल्या ओल्या दरडींवर लायकोपोडियमचे भाऊबंद उगवतात, त्यांचे बीजाणू गोळीतल्यांत मिसळून हिशेब बिघडेल, म्हणून प्रत्येक ठिकाणचा एक नमुना गोळी न घालता करून बघा.

आपल्या भागाचं जुनं चित्र हवं असेल तर कारवारसमोर समुद्रातून काढलेल्या गाभ्यांवरचं काम बघा. काळी नदी घाटाचा पराग तिथं नेऊन टाकते. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून हवामान कोरडं होत गेल्याची खूण त्यात मिळाली.

मुलांसाठी गाभ्याआधी शेवाळ घ्या. पावसाळ्यानंतर खोडांवर, दगडांवर जे हिरवं शेवाळ उरतं ते गेल्या काही वर्षांचा पराग धरून ठेवतं. चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, निपाणी अशी रेघ धरा. प्रत्येक ठिकाणी १० बाय १० मीटरच्या चौकोनातून दहा-बारा चिमटी उचलून एकाच कागदी पाकिटात घाला, आणि त्याच चौकोनातली झाडं मोजून लिहा. सदाहरित रानापासून उसातंबाखूच्या शिवारापर्यंत कोणतं झाड परागात किती दिसतं, ते एका हंगामात कळेल. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, बुरशी लागते.

टिळकवाडी_बॉटनी
शेवाळाचं ठरलं, दसऱ्यानंतर सुरू करतो. निपाणीकडं खोडांवर शेवाळ मिळायचं नाही असं वाटतं, तिथं काय घ्यायचं?

जांबोटीकर
विहिरीच्या आतल्या कडेचं घ्या, उघड्या तोंडाच्या. तेही नसेल तर शेताच्या बांधावरची वरची अर्धा सेंटिमीटर माती, नांगर न लागलेली. मात्र मातीचे आणि शेवाळाचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा, मातीत नाजूक कण आधीच गेलेले असतात.