कॉम्प्युटर रिपेअरचे किती घ्यावेत? लोक चहा पाजून वाटेला लावतात

चोपडेकर:
राम राम मंडळी. पुण्यात चार वर्षं हार्डवेअर सपोर्टला होतो, घरच्या अडचणीमुळे मागच्या वर्षी चोपड्याला परत आलो. दुकान नाही, फोन आला की गाडी काढायची आणि जायचं. विंडोज टाकणं, प्रिंटर चालू करून देणं, एसएसडी (डेटा साठवायची फास्ट डिस्क) बसवणं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, असलंच सगळं. काम भरपूर आहे हो, घोडं अडतं ते पैशापाशी. काम झालं की समोरचा विचारतो "किती द्यायचे?" आणि माझ्या तोंडातून निघतं "द्या तुम्हाला वाटतील ते". मग कोणी १०० देतं कोणी ५०, आणि नात्यातले तर जेवल्याशिवाय उठू देत नाहीत, पैशाचा विषयच नाही. परवा अडावदला एका कृषी केंद्रात गेलो, बिलिंगचा कॉम्प्युटर चालूच होईना, दुकानात खताला गर्दी, रॅम काढली, पुसून बसवली, पाच मिनिटात चालू. मालक म्हणे पाच मिनिटाचे कसले पैसे, बसा शेवभाजी खाऊन जा. पेट्रोल माझं! तासावर घ्यावं का कामावर? आणि ओळखीच्यांना सांगायचं कसं?

गोलाणी_रिटर्न:
भो, मी जळगावला गोलाणी मार्केटात बारा वर्षं काढली, आता घरूनच करतो. तासाचं डोक्यातून काढ. आपल्याकडे तासाचा हिशोब सांगितला की माणूस घड्याळाकडे बघत उभा राहतो आणि विंडोज अपडेट होतंय तेवढा वेळ तू नुसता बसलाय असं त्याला वाटतं. कामाचा रेट ठेव आणि येण्याचे वेगळे. मी गावात व्हिजिटचे २०० घेतो, काम होवो न होवो, गावाबाहेर पेट्रोल वेगळं. फॉरमॅट ५०० पण त्यात डेटा काढून ठेवणं धरलेलं नाही, ते वेगळं. का ते सांगतो. लोक म्हणतात "काही नाही त्यात, मारा फॉरमॅट", आणि पोराच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर असतात. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच ना, फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो, गेलं सगळं. माझ्या हातून एकदा असं झालंय, त्या घरासमोरून अजून मान खाली घालून जातो. तेव्हापासून आधी विचारतो, बॅकअप घेतो, आणि त्याचे पैसे घेतो.
आणि मेन गोष्ट, रेट फोनवरच सांगायचा. लॅपटॉप उघडल्यावर सांगितला की भांडण.

भुसावळ_जंक्शन:
तासावर मागू नको हे पटलं, पण स्वतःपुरता तासाचा भाव काढावाच लागतो नाहीतर ५०० बरोबर का ३०० हे कळणार कसं. महिन्याला हातात २५,००० पाहिजेत समज, वर पेट्रोल, मोबाईल, पेन ड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर मिळून ५,०००. झाले ३०,०००. महिन्यात २५ दिवस, पण दिवसाला पैसे मिळणारं काम तीनच तास निघतं, बाकी वेळ रस्त्यात आणि फोनवर "ते निळं आलंय स्क्रीनवर" ऐकण्यात जातो. म्हणजे ७५ तास, तासाला ४०० पडले. आता अडावदला जाऊन यायला दीड तास लागत असेल तर पाच मिनिटाचं ते काम तुला ६०० ला पडलं, पेट्रोल धरूनच. शेवभाजी खाऊन आलास.

साक्रीना_भाऊ:
चोपडेकर भाऊ, शेवभाजीवर पोट भरस, पेट्रोलनी टाकी भरस का? 😄 पैसा मांगाले लाज कसानी? डॉक्टर पाच मिनिट तपासस, तो काय फुकट तपासस का?

चोपडेकर:
साक्रीवाले भाऊ, डॉक्टर माझा मामा नसतो ना. प्रॉब्लेम मामांचाच आहे, मला तीन मामा आहेत आणि तिघांकडे प्रिंटर.

गोलाणी_रिटर्न:
मामांचं वर्षाला एक काम फुकट, बाकी पार्टचे पैसे आधी. मी सख्ख्या नात्यात हेच ठेवलंय. पार्टमध्ये उधारी अजिबात नको, एसएसडी आपल्या खिशातून घेतली की ती आपलीच राहते.

यावल_टॅलीवाली:
मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते त्यामुळे दोन गोष्टी. पार्ट आणि मजुरी बिलावर वेगवेगळी लिही, मग "१,८०० ची एसएसडी आणि तू २,५०० घेतले" असं कोणी म्हणत नाही, वरचे ७०० कशाचे ते दिसतं. दुसरं म्हणजे सर्व्हिसची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के लावायचेही नाहीत. एकाने आमच्या ऑफिसला तसं बिल दिलं होतं, सरांनी परत पाठवलं.
आणि त्या कृषी केंद्राला सोडू नको. दुकानदाराला तुझा रेट महाग वाटत नाही, ऐन गर्दीत बिलिंग बंद पडणं महाग वाटतं. त्याला वर्षाचं बांधून दे, तीन महिन्याला एक फेरी, बॅकअप, धूळ साफ आणि अडला की फोन. विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, दुकानांतली जुनी मशिनं त्यात बसत नाहीत, म्हणजे काय बदलायचं काय चालवायचं हे विचारायला त्यांना माणूस लागणारच आहे.

चोपडेकर:
ताई, हे भारी. काल अडावदला फोन केला, वर्षाचे ३,००० सांगितले आणि सांगून गप्प बसलो, लय अवघड गेलं ते गप्प बसणं. शेठ म्हणे २,४०० करा. मी म्हटलं करतो पण तीनच फेऱ्या. जमलं. पहिले ८०० पाठवले पण त्यांनी.
मोठ्या मामांचा आत्ताच फोन येऊन गेला, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय. जातो. हे या वर्षातलं फुकटचं.