फॅमिली ग्रुप: जर्मनीत ताईच्या दारात बर्फ

ताई: (फोटो) सकाळी उठलो तर हे. आमची गाडी कुठाय ओळखा

चिनू: आत्या तो उजवीकडचा ढीग ना

ताई: तो कचऱ्याचा डबा आहे रे

आई: अगं बाई!! आणि हा फोटो काढायला तू एवढ्या बर्फात बाहेर गेलीस? कानाला काही बांधलंयस का

ताई: टोपी आहे आई. आणि बाहेर जावंच लागतं गं, आमच्या गावात घरासमोरचा फूटपाथ सकाळी 7 ला साफ पाहिजे, रविवारी 9 पर्यंत सूट. घर भाड्याचं असलं तरी अॅग्रीमेंटमधे लिहिलंय की खालच्या आजी आणि आम्ही आलटूनपालटून, पण त्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांना कोण फावडं धरायला लावणार, मग आमचाच नंबर कायम

दादा: मग नगरपालिका काय करते

ताई: रस्ता त्यांचा, फूटपाथ आपला. कोणी घसरून हाड मोडलं तर क्लेम आपल्यावर येऊ शकतो. बर्फ ओढून वर बारीक खडी टाकायची. मीठ नाही टाकायचं, झाडांना आणि कुत्र्यांच्या पायांना त्रास होतो

वहिनी: आपल्याकडे हा नियम आणला तर अर्धी सोसायटी कोर्टात

आई: जावईबापू कुठे आहेत

भावोजी: आई मी फावडं बगलेत धरून टाईप करतोय. ती फोटो काढते मी बर्फ ओढतो अशी कामाची वाटणी आहे

ताई: खोटं. आत्ता घरात येऊन सगळ्या खिडक्या उघडून बसलेत

आई: खिडक्या?? किती आहे बाहेर टेंपरेचर

भावोजी: उणे 6

आई: वेड लागलंय का तुम्हाला, लेकराला न्यूमोनिया होईल

ताई: आई पाचच मिनिटं. सताड उघडायच्या आणि गच्च लावून घ्यायच्या. इथली घरं इतकी बंद असतात की स्वयंपाकाची आंघोळीची वाफ आतच राहते आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी धरते, घरमालक आधी आपल्यालाच विचारतो हवा खेळवत होता की नाही. फट ठेवून दिवसभर उघडी ठेवली तर भिंत गार पडते आणि तिथेच पाणी धरतं, पण झटकन उघडून बंद केलं की हवा नवी आणि भिंत गरम

नानाकाका: शास्त्र बरोबर आहे. आमच्या सावंतवाडीत जून ते सप्टेंबर कुठलीच भिंत कोरडी नसते, तिथे हा उपाय चालणार नाही

मी: ताई काल संध्याकाळचा तो खिडकीतल्या कमानीचा फोटो टाक ना सगळ्यांना

ताई: (फोटो) ही बघा. अर्धगोल लाकडी कमान, वर सात दिवे. 4 वाजता इथे अंधार पडतो आणि गल्लीतल्या एकूणएक खिडकीत हे लागतं, आमचा एर्त्सगेबिर्गेचा डोंगराळ भाग म्हणजे खाणवाल्यांचा, चांदी सापडली म्हणून 1496 मधे आनाबेर्ग शहर वसवलं. थंडीत खाणीतली माणसं अंधारात खाली जायची अंधारातच वर यायची, ऊन फक्त रविवारी, म्हणून खिडकीत दिवा असं इथले सगळे सांगतात

दादा: खाणी चालू आहेत का अजून

ताई: चांदीच्या फार पूर्वीच आटल्या, कथील आणि युरेनियमच्याही 1990-91 च्या सुमारास बंद. पण उद्या चौथा अॅडव्हेंट, ख्रिसमसच्या आधीचा शेवटचा रविवार, आनाबेर्गमधे खाणवाल्यांची मोठी परेड असते, जुना युनिफॉर्म, बँड, सगळं. मागच्या बाजूला कातड्याचा तुकडा बांधतात, ओल्या दगडावर बसायला

चिनू: म्हणजे बुडाला????

वहिनी: चिनू

ताई: हो बुडालाच. नावही तसंच आहे, आजीसमोर सांगणार नाही

आई: उद्या कशाला जायचं एवढ्या बर्फात. गाडी सापडली नाही अजून

भावोजी: गाडी सापडली आई. टायर हिवाळी आहेत, बर्फात त्याशिवाय चालवलं तर दंड. पण उद्या ट्रेननेच जाऊ, तिथे पार्किंग मिळायची नाही

नानाकाका: तुमच्याकडे लाकडी खेळणी बनतात ते गाव तेच ना? आमच्या चितारआळीसारखं काहीतरी वाचलं होतं

ताई: ते झायफेन काका, जरा लांब आहे. तिथे कथलाची खाण होती, ती मंदावली तसे लोक लाकडाकडे वळले. एक भारी प्रकार बघितला, लेथवर लाकडाची गोल कडी कातायची, बाहेरून काहीच कळत नाही, मग केक कापतात तशी कापली की प्रत्येक फोडीत घोडा नाहीतर गाय निघते, मग हाताने कोरून रंगवायची

नानाकाका: बापरे. कातणाऱ्याला आतला घोडा दिसत नसताना आकार कसा जमतो?

ताई: हेच मी त्या बाईंना विचारलं, त्या हसल्या फक्त

आई: जेवायचं काय केलंय ते सांग आधी

ताई: आज दुपारी स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घेऊन दुकानात गेलो होतो, जाताना पोरगी बसलेली, येताना पोरगी आणि बटाटे. रविवारी सगळी दुकानं बंद त्यामुळे आजच भरून ठेवलं. 24 ला खालच्या आजींकडे जेवण, नऊ पदार्थ असतात, मसूर खाल्ले की सुट्टे पैसे संपत नाहीत, ताटाखाली नाणं ठेवतात, आणि जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही

आई: मग वाढणार कोण

ताई: सगळं आधीच टेबलावर. मी त्यांना सांगितलंय आम्ही सॉसेज खात नाही, मसूर मी करून आणते, गोडा मसाला घालून

वहिनी: त्यांना चालेल?

भावोजी: मागच्या वर्षी दोनदा वाढून घेतली होती

नानाकाका: ती खेळणी कुठल्या लाकडाची करतात विचारून ठेव गं. इथे पांगारा मिळेनासा झालाय

ताई: त्या कडीला स्प्रूस काका, पाइनसारखं झाड असतं, आणि ओलाच घेतात, कोरडा कातताना फुटतो म्हणे

नानाकाका: ओला?? मग सुकल्यावर चिरत नाही? व्हिडिओ असेल तर टाक, इथे एकाला दाखवतो